नवी पिकअप दारात आली; आता तिला काय जोडावे?



शेताची वाट कच्ची, मध्ये ओढा, पलीकडे अंगावर येणारा चढ, आणि पावसाळ्यात पोटरीएवढा काळा चिखल. अशा वाटेसाठी चारही चाकांना जोर देणारी पिकअप गाडी आता डोंगराकडच्या गावांतही दिसू लागली आहे. गाडी दारात येते, हार चढतो, पेढे वाटले जातात, आणि लागलीच सल्ला देणारांची रीघ लागते. कोणी म्हणतो, "टायर रुंद घाल." दुसरा म्हणतो, "मागे एक पाटा वाढव." तिसऱ्याला पुढे लोखंडी गार्ड हवा असतो, तर चौथ्याला टपावर चार दिवे. सल्ला फुकट मिळतो. सामान मात्र फुकट मिळत नाही. कर्जाचा पहिला हप्ता फिटण्याआधीच अशा सामानावर मोठी रक्कम उडते, आणि गाडी पूर्वीपेक्षा चांगली झाली की वाईट, हे कोणी पाहत नाही.

मग क्रम कसा लावावा? आधी गाडी समजून घ्या. मग तिचे वजन मांडा. मग अडचणीतून घरी परत आणील अशी साधने घ्या. शोभेचे सामान सर्वांत शेवटी. आणि तोवर त्याची हौस फिटली, तर फारच उत्तम!

पहिली सुधारणा गाडीची नव्हे, चालवणाराची. तिला पैसा लागत नाही. बहुतेक पिकअपमध्ये तीन जागांचा एक दांडा किंवा खटका असतो. पहिल्या जागी जोर फक्त मागच्या दोन चाकांना जातो. दुसऱ्या जागी चारही चाकांना जातो. तिसऱ्या जागी चारही चाकांना जातो, पण हळू आणि भारी. या तिसऱ्या जागी चाकांवरचा जोर साधारणपणे दुपटीहून अधिक होतो आणि वेग त्याच हिशेबाने उतरतो. चिखलातला चढ, ओढ्यातले दगड, निसरडा उतार, ही त्याची कामे. तो गाडी उभी करून टाकावा.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. कोरड्या डांबरी रस्त्यावर दुसऱ्या-तिसऱ्या जागी गाडी चालवू नये. का बरे? बैलगाडी वळताना पाहा. बाहेरच्या चाकाला लांबचा फेरा पडतो, आतल्याला जवळचा. बैलगाडीची चाके आसावर सुटी फिरतात, म्हणून काही अडत नाही. मोटारगाडी वळतानाही पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा लांबचा फेरा पडतो. चार चाकांचा जोर लावला की पुढचा आणि मागचा दांडा एकमेकांना जखडले जातात, आणि दोघांना एकाच गतीने फिरावे लागते. चिखलात चाक जरा घसरते आणि फरक भरून निघतो. कोरड्या डांबरावर ते घसरत नाही. मग सारा ताण दात्यांवर आणि सांध्यांवर पडतो. चारही चाकांना कायम जोर देणाऱ्या काही गाड्यांची रचना निराळी असते. तेव्हा आपल्या गाडीचे माहितीपुस्तक एकदा घरात मोठ्याने वाचाच. शाळेतली मुले ते आनंदाने वाचून दाखवतील.

आता वजनाचा हिशेब. गाडीच्या नोंदणीपत्रात दोन आकडे असतात: रिकाम्या गाडीचे वजन आणि भरल्या गाडीचे जास्तीत जास्त वजन. यांची वजाबाकी म्हणजे तुमची खरी कमाईची जागा. समजा रिकामे वजन १,९०० किलो आणि भरलेले २,९०० किलो. म्हणजे १,००० किलो हाताशी आले. पण त्यात माणसेही मोजायची. चार माणसांचे सुमारे २६० किलो गेले. लोखंडी गार्ड आणि ओढयंत्र ७० किलो, हौद्यावरचा सांगाडा ८० किलो, जास्तीचे एक चाक ३५ किलो, असे धरले तर १८५ किलो आणखी गेले. उरले ५५५.

१८५ किलो म्हणजे टोमॅटोची २५ किलोची सात कॅरेट. तेवढा माल दर खेपेला घरी राहणार, किंवा मर्यादेबाहेर भरला जाणार. म्हणून कोणतीही वस्तू गाडीवर चढवण्यापूर्वी स्वतःला विचारा, "हिच्यासाठी मी दर खेपेला किती कॅरेट सोडायला तयार आहे?" बाजार समितीच्या किंवा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर एकदा टाकी भरून, घरची माणसे बसवून गाडी तोलून घ्या. अंदाज आणि काटा यांत फार अंतर निघते.

इथेच पाटा वाढवण्याची गोष्ट येते. मागे एक पाटा वाढवला की गाडी बसत नाही, आणि मालकाला वाटते की तिची ताकद वाढली. ताकद वाढली ती फक्त पाट्यांची. ब्रेक तेच, टायर तेच, आस तोच. भरल्या गाडीने घाट उतरताना ओझे पाटा थांबवत नाही, ब्रेक थांबवतो. आणि सतत दाबून तापलेला ब्रेक ऐन वळणावर दगा देतो. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागतो, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. पाटे बदलायचेच असतील, तर नेहमीचे ओझे किती हे कळल्यावर, त्या मापाचे, जाणकाराकडून बदलून घ्यावेत. गाडी उंच करून घेण्याचा मोह तर दूरच ठेवावा. गाडी जितकी उंच, तितका तिचा तोल वर जातो. आणि डोंगरउतारावर आडव्या वाटेने जाताना तोच तोल आपला जीव सांभाळतो.

टायरचे गणित शिक्षकांनी वर्गात जरूर घ्यावे. टायरवर २४५/७० आर १६ असे लिहिलेले असते. २४५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये. टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के, म्हणजे १७१.५ मिलिमीटर. १६ हा रिमचा व्यास इंचांत, म्हणजे ४०६.४ मिलिमीटर. बाजूची उंची दोनदा आणि रिम एकदा मिळवली की चाकाचा व्यास सुमारे ७४९ मिलिमीटर येतो. आता कोणी २६५/७५ आर १६ टायर घातला, तर व्यास सुमारे ८०४ होतो. वाढ ५५ मिलिमीटरची. पण गाडी उचलली जाते निम्म्यानेच, म्हणजे इंचभर. त्या इंचापायी चाकाचा एक फेरा सात टक्क्यांनी लांबतो. काटा ६० दाखवतो तेव्हा आधीच्या हिशेबाने गाडी ६४ ने धावत असते. चढावर इंजिनाला जास्त ओढावे लागते, ब्रेकला मोठे चाक थांबवावे लागते, आणि वळताना टायर चाकावरच्या पत्र्याला घासू शकतो.

याहून शहाणपणाचे काम म्हणजे त्याच मापाचा, पण खोल नक्षीचा, कच्च्या आणि पक्क्या दोन्ही वाटांना चालणारा टायर घेणे. घेताना त्याच्या बाजूवरचे चार आकडे वाचा. २३२४ असे असेल, तर तो २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. हवा किती असावी, याचा तक्ता बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर असतो. मऊ चिखलात वा वाळूत गाडी अडली, तर हवा थोडी कमी करावी. टायर पसरतो, जमिनीवर जास्त टेकतो आणि कमी रुततो. मात्र पक्क्या रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरायची, म्हणून हवेचा पंप आणि दाबमापक ही खरी पहिली खरेदी.

पंपाबरोबर एक फावडे, दोन जाड फळ्या आणि ओढण्याचा मजबूत पट्टा ठेवा. चिखलात जॅक रुततो; फळी त्याच्याखाली घातली की टेकतो. पट्टा कंपनीने दिलेल्या ओढकडीलाच बांधावा, बंपरला कधीही नव्हे. ताणलेला पट्टा तुटला की चाबकासारखा उलटतो. अशा वेळी बघे, विशेषतः मुले, पट्ट्याच्या लांबीहून दूर उभी करावीत. एवढ्या साधनांनी काम भागत नाही, असे वर्षभरात दोन-चारदा दिसले, तर मग ओढयंत्राचा विचार करावा.

शेवटी कायद्याची बाजू. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नमुन्यापासून गाडी मनमानीने बदलता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच गोष्ट स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही ठरवले. पुढच्या लोखंडी गार्डवर केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच हरकत घेतली. पायी चालणाऱ्याला तो अधिक जखमी करतो, आणि टकरीचा धक्का गाडीच्या पुढच्या भागाने जसा पचवायला हवा तसा पचू देत नाही. तेव्हा कोणताही मोठा बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. न कळवलेला बदल अपघातानंतर भरपाईच्या आड येऊ शकतो, आणि ती वेळ वाद घालण्याची नसते.

म्हणून माझे सांगणे असे: एक वही घाला. एक पावसाळा गाडी जशी आली तशी चालवा. कुठे अडली, का अडली, किती माल होता, कशाने निघाली, एवढे चार रकाने भरा. दिवाळीला वही उघडा. दहांपैकी सात वेळा टायर घसरला असेल, तर टायर घ्या. सात वेळा ओझे जास्त होते, तर एक खेप वाढवा. अनेकदा असेही दिसेल की वाटेवरच्या एका मोरीत चार ब्रास मुरूम टाकला की सारी अडचण मिटते. आणि तो मुरूम आपल्याच नव्हे, साऱ्या वाडीच्या गाड्यांना उपयोगी पडतो.