एक लिटर पाण्याला उकळी

राजूरहून भोकरदनला येताना ब्रेक दाबला की पुढच्या डाव्या चाकातून चींऽऽ असा दात शिवशिवणारा आवाज यायचा. पाय काढला की गप्प. दोन आठवडे मी त्याच्याकडे काणाडोळा केला. कापसाच्या हंगामात रस्त्यावर इतके आवाज असतात की त्यात हा एक खपून जातो. शेवटी जालना रोडवरच्या एका गॅरेजात गाडी घातली. मिस्त्रींनी गाडी नुसती दहा फूट पुढे घेतली, ब्रेक मारला आणि म्हणाले, "सर, पॅड बोलायलेत तुमचे. संपले म्हणून सांगायलेत."

मला वाटलं, हा त्यांचा विनोद. पण ते अक्षरशः खरं होतं. चाक उतरवून त्यांनी जुना पॅड माझ्या हातात दिला. तळहातात मावेल एवढी पोलादी पाटी, तिच्यावर चिकटवलेला काळपट मसाला. पाटीच्या कडेला पोलादाची एक वाकवलेली चिमुकली पट्टी होती. पॅड नवा असतो तेव्हा ही पट्टी कशालाच टेकत नाही. मसाला झिजत झिजत दोन-तीन मिलिमीटरवर आला की तिचं टोक फिरत्या डिस्कला घासायला लागतं आणि किंचाळतं. ना सेन्सर, ना वायर, ना डॅशबोर्डवरचा दिवा. गाडी बनवणाऱ्याने पत्र्याचा एक तुकडा वाकवून ठेवला आणि तो चार-पाच वर्षं गुमान आपल्या पाळीची वाट बघत बसला होता.

आता हा पॅड नेमकं करतो काय? डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबून धरतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण गाडी थांबते म्हणजे तिचा वेग जातो कुठे? तो नाहीसा होत नाही. त्याची उष्णता होते, सगळ्याची. माणसांसकट १,२०० किलोची गाडी ताशी ८० किलोमीटरने चालली असेल तर तिच्यात सुमारे तीन लाख ज्यूल ऊर्जा असते. हा आकडा डोक्यात बसत नाही, म्हणून मी मिस्त्रींच्या टपरीवरून आलेल्या चहाकडे बघत हिशेब केला. एक लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीला आणायला लागते तीसुद्धा जवळजवळ तेवढीच. वळणावर अचानक कापसाची ट्रॉली आडवी येते, आपण ब्रेक मारतो, गाडी थांबते, आपण एक शिवी हासडतो. तेवढ्या वेळात चाकांपाशी लिटरभर पाण्याला उकळी फुटेल इतकी आग तयार झालेली असते. गॅसवर त्याला सहा-सात मिनिटं लागतात. इथे चार सेकंद.

चार सेकंदांत तीन लाख ज्यूल म्हणजे शंभर अश्वशक्ती. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांचं इंजिन ऐंशी-नव्वद अश्वशक्तीचं असतं. गाडी घेताना आपण इंजिनाची ताकद विचारतो, मायलेज विचारतो, आणि त्याच्यापेक्षा ताकदवान यंत्र चाकाच्या आत लपलेलं असतं त्याची चौकशी कुणी करत नाही. शिवाय ब्रेक मारला की गाडीचं वजन नाकावर येतं, त्यामुळे या कामाचा मोठा वाटा पुढच्या दोन चाकांच्या चार पॅडवर पडतो. चार तळहात म्हणा ना. एकदा असं कचकन थांबलं की पुढच्या दोन्ही डिस्क साधारण ५० अंशांनी तापतात. म्हणून तर डिस्क बिडाची असते. बीड उष्णता खातं, पसरवतं आणि वाऱ्याला देऊन टाकतं.

पायाचा दाब तिथवर पोचतो कसा, ही आणखी एक मौज. पेडल ही तरफ. पुढे इंजिनाच्या ओढीवर चालणारा बूस्टर, त्याच्यापुढे ब्रेक ऑइलने भरलेली बारीक नळी. पातळ पदार्थाला एका टोकाला दाबलं की तो दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा सतराव्या शतकातल्या पास्कलचा नियम. या टोकाचा दट्ट्या लहान आणि त्या टोकाचा मोठा ठेवला की जोर कित्येक पट होतो. ट्रॅक्टरची ट्रॉली उचलणारा जॅक याच नियमावर चालतो. पायाने दहा किलोचं वजन टाकावं आणि चाकापाशी ते शेकडो किलोंचं व्हावं, तेही अर्ध्या सेकंदाच्या आत.

पण मला सगळ्यात जास्त चाट पाडलं ते एका रबरी कड्याने. पॅड धरून ठेवणाऱ्या सांगाड्यातून, म्हणजे कॅलिपरमधून, दट्ट्या पुढे येतो आणि पॅडला डिस्कवर दाबतो, हे ठीक. पाय काढल्यावर तो मागे कोण ओढतं? मी स्प्रिंग शोधत होतो. मिस्त्री हसले. स्प्रिंग नाहीच. दट्ट्याभोवती चौकोनी कडांचं रबराचं एक कडं बसवलेलं असतं. त्याचं मुख्य काम ऑइल गळू न देणं. दट्ट्या पुढे सरकतो तेव्हा हे कडं त्याला धरून ठेवतं आणि स्वतः किंचित पिळलं जातं. दाब सुटला की पीळ उलगडतो आणि दट्ट्या केसभर मागे येतो. पॅड डिस्कपासून सुटायला तेवढं पुरतं. पुढची गंमत अशी की पॅड झिजला की दट्ट्याला थोडं जास्त पुढे जावं लागतं. रबराचा पीळ तेवढा पुरत नाही, मग दट्ट्या कड्यातून जरासा घसरून पुढे येतो आणि तिथून नवा हिशेब सुरू. म्हणजे पॅड दहा मिलिमीटरचा असो की चार, पेडल पायाखाली तेवढंच खाली जातं. हजारो किलोमीटर हे समायोजन कुणाच्याही हाताशिवाय चालू असतं, आणि ते करणारी वस्तू म्हणजे रबराचं एक कडं!

याच कारणाने एक घोटाळाही होतो, आणि माझा झाला. दट्ट्या पुढे सरकला की त्याच्यामागची जागा भरायला बॉनेटखालच्या डबीतलं ब्रेक ऑइल खाली उतरतं. पॅड झिजताना पातळी कमी होणं हे त्यामुळे स्वाभाविक असतं. मध्यंतरी एका ठिकाणी मी ते काठोकाठ भरून घेतलं होतं. आता नव्या जाड पॅडला जागा करायला मिस्त्रींनी शिकंजा लावून दट्ट्या मागे दाबला आणि बॉनेटखाली ऑइल भसाभस उतू गेलं. हे ऑइल रंग खातं. त्यांनी धावत जाऊन पाणी ओतलं, आणि मला जे काय ऐकवायचं ते न ऐकवता नुसतं बघितलं.

आतला आणि बाहेरचा पॅड शेजारी ठेवले तर आणखी एक गोष्ट दिसली. बाहेरचा निम्मा शिल्लक, आतला जवळजवळ पाटीला टेकलेला. कॅलिपरला दट्ट्या एकाच बाजूला असतो. तो आतला पॅड दाबतो, त्याच्या उलट जोराने अख्खा कॅलिपर दोन पिनांवरून सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून आणतो. सुताराच्या शिकंज्यासारखंच, स्क्रू एक आणि पकड दोन्हीकडून. पण त्या पिनांत चिखल गेला, ग्रीस वाळलं, की कॅलिपर सरकत नाही आणि सगळा भार आतल्यावर पडतो. आमची काळी माती पावसाळ्यात कुठे कुठे जाऊन बसते ते शेतकऱ्याला सांगायला नको. मिस्त्रींनी पिना पुसल्या, उष्णतेला टिकणारं ग्रीस लावलं. तोवर कॅलिपर तारेने वर बांधून ठेवला होता, ऑइलच्या रबरी नळीवर लोंबकळू दिला नाही. चांगला कारागीर अशा बारीकसारीक गोष्टींत ओळखू येतो.

हा झिजणारा मसाला मुळात सुचला कुणाला? १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता त्याने बनवलेली मोटार घेऊन, दोन मुलांसह, जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली. शंभरेक किलोमीटरचा रस्ता. उतारांवर लाकडी ब्रेक झिजून गेले तेव्हा तिने वाटेतल्या एका जोडे शिवणाऱ्याला गाठलं आणि लाकडावर चामडं ठोकून घेतलं. पुढे नऊ वर्षांनी, १८९७ मध्ये, इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूडने ब्रेकसाठी खास घर्षणाचं अस्तर बनवायला सुरुवात केली. डोंगराळ भागातले गाडीवान लाकडी ब्रेकवर जुन्या बुटांचे तुकडे ठोकतात हे त्याने पाहिलं होतं, असं सांगतात. एकूण काय, जोडा आणि ब्रेक यांची सोयरीक जुनी आहे. दोघांनीही झिजायचं, म्हणजे दुसरं काही झिजत नाही.

उतारावर गाडी आवरायची ही अडचण आमच्या गावाला त्याच्याही आधीपासून माहीत असणार. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन, पैठणहून उज्जैनकडे जाणाऱ्या व्यापारी वाटेवरचं. सांची आणि भरहुतच्या लेखांत इथल्या दात्यांचा उल्लेख आहे. १९७३ च्या उत्खननात इथे हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली, आणि तिच्या बहिणीसारखी दिसणारी मूर्ती इटलीतल्या पॉम्पेईत १९३८ मध्ये सापडलेली आहे. एवढा दूरवरचा माल ज्या वाटांनी जायचा त्यांवर घाट आलेच. तिथे ब्रेक कुठला? बैल मागे रेलून मानेवर जू पेलायचे. ब्रेकचे पॅड म्हणजे बैलांचे खांदे.

आजच्या मसाल्यात पोलादाचे तंतू, ग्राफाइट, बॅराइट खनिजाची पूड आणि हे सगळं बांधून ठेवणारं राळेसारखं रसायन असतं. पूर्वी अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. त्याची धूळ फुप्फुसांना घातक, म्हणून ते मागे पडलं. (तरीही चाकातली काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.) आणि अनेक पॅडमध्ये असतो काजू! काजूगर नव्हे, टरफल. टरफलातलं तेल कातडीवर पडलं तर फोड येतात. काजू बिब्ब्याच्याच कुळातला, म्हणजे आमच्याकडे कुणाला जास्त समजावून सांगायची गरज नाही. हे तेल घट्ट करून, दळून त्याची भुकटी पॅडमध्ये घालतात. ती ब्रेकचा आवाज आणि झीज कमी करायला मदत करते. कोकणातल्या कारखान्यात जे टरफल बायका हाताला तेल किंवा राख चोळून हाताळतात, त्याच्या जातीचा अंश घेऊन आपण अजिंठ्याचा घाट उतरत असतो.

घाटाचं गणित मात्र वेगळं. सिल्लोडमार्गे फर्दापूरकडे उतरताना गाडी जितकी खाली येते तितकी ऊर्जा ब्रेकच्या पदरात पडते. दर शंभर मीटर उतरणीला चार लिटर पाणी उकळेल इतकी. नुसत्या ब्रेकवर उतरलं की डिस्क तापते, तिच्यामागे ऑइल तापतं. डॉट ३ जातीचं ताजं ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतलं बाष्प शोषतं, आणि ओलसर झालं की ही मर्यादा १४० पर्यंत खाली येऊ शकते. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, दाब पुढे पोचतच नाही, पेडल तळाला जातं. म्हणून घाटात गाडी खालच्या गिअरवर, इंजिनाच्या अडवणुकीवर उतरवायची आणि ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं.

नवे पॅड बसले. मिस्त्रींनी किल्ली माझ्या हातात दिली नाही. आधी स्वतः बसून पेडल सहा-सात वेळा दाबलं. पहिल्यांदा पाय थेट खाली गेला, कारण दट्ट्या अजून मागेच होता. मग हळूहळू पेडल घट्ट झालं. "हे विसरून गाडी काढली की भिंतीलाच थांबते बघा," ते म्हणाले. पुढच्या काही दिवसांत मोकळ्या रस्त्यावर वीस-पंचवीस वेळा बेताने ब्रेक लावायला सांगितलं. पॅडच्या मसाल्याचा पातळ थर डिस्कवर बसतो, आणि ब्रेक पुरता लागायला हा थर हवा असतो. पहिल्या दिवशी जरा जळका वास येतो, घाबरायचं नाही.

पंक्चर काढायला किंवा टायर बदलायला चाक उतरलेलं असेल तेव्हा मिस्त्रीला एवढंच सांगा की आतला पॅड दाखव. बाहेरचा जाड दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. मसाला तीन मिलिमीटरच्या आत, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या साधारण दोन नाण्यांपेक्षा पातळ असेल, तर त्याच दिवशी दोन्ही पुढच्या चाकांचे पॅड बदलून घ्या.