मृगाच्या आधी मशीनची दोरी एकदा ओढून बघा



रोहिणी नक्षत्र लागलंय. बियाणं, उगवण तपासणी, बीजप्रक्रिया यांवरचे मेसेज तुम्हाला आलेच आहेत. आजचा विषय मात्र गोठ्याच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली झाकलेला आहे. तुमचा ग्रासकटर, पॉवर विडर आणि पाठीवरचा पेट्रोलचा फवारणी पंप.

सोयाबीनला पेरणीनंतरचा पहिला महिना-दीड महिना तणापासून जपावं लागतं. त्यात पावसाची उघडीप मिळते दोन-चार दिवसांची. नेमकी त्याच दिवशी दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो आणि मशीन हूं की चूं करत नाही. मग तालुक्याला न्यायचं. तिथं आधीच मशीनची रांग लागलेली. परत मिळेपर्यंत पुन्हा झड लागते आणि तण पिकाच्या वर जातं. मजूर लावावेत तर त्या आठवड्यात ते सगळ्या गावालाच हवे असतात. म्हणून हा मेसेज जूनमध्ये न पाठवता आत्ताच पाठवतोय.

मी कृषी पदविका केलीय, मेकॅनिकचा कोर्स नाही. पण शेतावर भेटी देताना एक गोष्ट सारखी दिसते. ही छोटी इंजिनं काम करून जेवढी बिघडत नाहीत, तेवढी नुसती बसून बिघडतात. आणि बसून बिघडण्याचं मोठं कारण म्हणजे टाकीत राहिलेलं जुनं पेट्रोल.

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. हे प्रमाण देशानं २०२५ मध्ये गाठलं. ते इथेनॉल ऊस, मका, तांदूळ यांपासूनच होतं, म्हणजे आपलाच माल फिरून आपल्या टाकीत येतो. रोज चालणाऱ्या मोटारसायकलीत पेट्रोल आठवड्याभरात जळून जातं, तिथं ते साठून राहत नाही. ग्रासकटरच्या टाकीत मात्र दिवाळीपासूनचं अर्धा लिटर तसंच पडून असतं. इथेनॉलला हवेतली ओल ओढायची सवय असते, पावसाळ्यात उघडं राहिलेलं मीठ जसं पाझरतं तसं. ओल जास्त झाली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाला बसतं आणि पेट्रोल वर राहतं. टाकीतली नळी तर तळातूनच ओढते.

टू-स्ट्रोक मशीनमध्ये याचा धोका दुप्पट आहे, कारण त्यात मिसळलेलं टू-टी ऑईल वरच्या पेट्रोलसोबत राहतं. तळातून इंजिनात जातं ते जवळजवळ बिनऑईलचं. अशा वेळी मशीन सुरूच झालं नाही तर एका अर्थी बरं, कारण सुरू होऊन चाललं तर पिस्टन आणि सिलेंडर घासून इंजिन सीझ होतं. मग खर्च नव्या मशीनच्या किमतीकडे सरकायला लागतो.

म्हणून पहिलं काम म्हणजे मागच्या हंगामातलं पेट्रोल काढून टाका. काढलेलं पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत थोडा वेळ स्थिर ठेवून बघा. तळाशी वेगळा थर किंवा थेंब दिसले तर त्यात पाणी आहे. थर दिसला नाही तरी रंग गडद झाला असेल किंवा वार्निशसारखा वास येत असेल, तर तेही वापरायचं नाही. ओतून टाकताना विहिरीजवळ, गोठ्याजवळ, चुलीजवळ नको. बंद डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या.

आता नवीन पेट्रोल. त्याआधी आपलं मशीन टू-स्ट्रोक आहे की फोर-स्ट्रोक, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे. ऑईल भरायला वेगळं झाकण असेल तर फोर-स्ट्रोक. त्याच्या टाकीत साधं पेट्रोल आणि ऑईल वेगळं. ऑईलचं वेगळं झाकणच नसेल तर टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच टू-टी ऑईल मिसळायचं. प्रमाण मशीनच्या पुस्तिकेत किंवा टाकीच्या झाकणावर दिलेलं असतं. ५०:१ असेल तर लिटरला २० मिली, ४०:१ असेल तर २५ मिली आणि २५:१ असेल तर ४० मिली. "थोडं जास्त घातलं की इंजिनला बरं" हे बऱ्याच जणांच्या तोंडून ऐकतो. पण जास्त ऑईलनं प्लग काळा होतो, धूर होतो आणि सायलेन्सरची जाळी काजळीनं बुजते. कमी पडलं तर इंजिन घासतं. अंदाजानं झाकणभर ओतू नका. मापासाठी एक सिरिंज आणून फक्त याच कामाला ठेवा. मिश्रण वेगळ्या डब्यात करून, हलवून मगच टाकीत भरायचं आणि एका-दोन आठवड्यांत संपेल एवढंच करायचं.

पेट्रोल नवीन आहे आणि तरी मशीन सुरू होत नाही? आधी स्विच बघा. हसू नका, बंद स्विचवर दोरी ओढणारे खूप असतात. स्विचची वायर उंदरानं कुरतडली आहे का तेही बघा. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं असू शकतं, तेव्हा तिथंही बारीक नजर टाका.

मग प्लग काढा. प्लग बरंच काही सांगतो. टोक फिकट तपकिरी असेल तर इंजिन नीट जळतंय. कोरडी काळी काजळी असेल तर हवेचा फिल्टर चोंदलाय किंवा चोक ओढलेला राहिलाय. टू-स्ट्रोकमध्ये ऑईल जास्त झाल्यानंही टोक काळं पडतं. टोक पेट्रोलनं ओलं असेल तर पेट्रोल पोचतंय, पण पेटत नाही किंवा जास्त झालंय. अशा वेळी प्लग बाहेरच ठेवून, स्विच बंद करून, चोक उघडून आठ-दहा वेळा दोरी ओढा. आतलं जादा पेट्रोल उडून जाईल. प्लग पुसून कोरडा करा आणि बसवा. दहा वेळा दोरी ओढूनही टोक कोरडंठाक असेल तर पेट्रोल पोचतच नाही. मग टाकीतल्या नळीच्या टोकाचा छोटा फिल्टर आणि कार्बोरेटर बघायचा. प्लगच्या दोन टोकांतलं अंतर बहुतेक मशीनला ०.६ ते ०.८ मिमीच्या दरम्यान असतं, पक्का आकडा पुस्तिकेत मिळेल. एक नवा प्लग घरात आणून ठेवाच. ऐन हंगामात त्याच्यासाठी तालुक्याची फेरी परवडत नाही.

ठिणगी तपासायची असेल तर आधी सांडलेलं पेट्रोल पुसा आणि मशीन थोडा वेळ उघड्यावर ठेवा. प्लगच्या भोकापासून दूर, इंजिनाच्या लोखंडाला प्लग टेकवूनच दोरी ओढा. भोकातून पेट्रोलची वाफ येत असते, ती ठिणगीवर भडकते.

मशीन सुरू होतं, पाच-दहा मिनिटं चालतं आणि बंद पडतं, अशीही तक्रार येते. बंद पडल्यावर टाकीचं झाकण सैल करून पुन्हा सुरू करा. चालायला लागलं तर झाकणातलं हवेचं बारीक भोक बुजलंय. ते साफ केलं की झालं, एवढ्यासाठी मेकॅनिकला पैसे कशाला?

विडरला सगळ्यात जास्त त्रास धुळीचा होतो. उन्हाळ्यात कोरड्या रानात चालवलेल्या विडरचा फिल्टर उघडा, आत अक्षरशः मूठभर माती सापडते. फिल्टर स्पंजचा असेल तर कोमट साबणपाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, इंजिन ऑईलचे थोडे थेंब लावून घट्ट पिळा आणि बसवा. पेट्रोलनं धुऊ नका. फिल्टर कागदी असेल तर धुवायचाच नाही. हलका आपटून धूळ झाडा, फाटला असेल तर बदला. फिल्टर काढून मशीन चालवणं म्हणजे सिलेंडरला पॉलिश पेपर लावणं.

फोर-स्ट्रोक विडरचं ऑईल दर दिवशी सुरू करण्याआधी सपाट जागेवर उभं करून बघायचं. नवं मशीन बहुतेक वेळा ऑईल न भरताच येतं, हे महाडीबीटीतून यंदा विडर मिळालेल्यांनी खास लक्षात ठेवा. पहिलं ऑईल साधारण २० तासांनी बदलायचं. त्यानंतर दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा. धुळीत काम जास्त असेल तर त्याही आधी. ग्रेड बहुतेकांना १०डब्ल्यू-३० लागतो, तरी पुस्तिका बघा. बहुतेक विडरच्या गिअरबॉक्सचं ऑईल वेगळं असतं, ते विसरलं जातं. तसंच ग्रासकटरच्या खालच्या गिअरमध्ये ग्रीस लागतं.

कार्बोरेटरचं म्हणाल तर ज्यांना सवय आहे त्यांनी खालची वाटी काढून साफ करावी. ज्यांना नाही त्यांनी तो तसाच मेकॅनिककडे द्यावा. बाजूचे बारीक स्क्रू मात्र कोणीच अंदाजानं फिरवू नयेत. आवाज चढला म्हणून बरं वाटतं, पण पेट्रोल कमी पडून इंजिन तापतं. जेटच्या भोकात तार घालू नका, भोक मोठं होतं. आणि दोरी अगदी हलकी, विनाजोर येत असेल तर कॉम्प्रेशन गेलंय, घरी वेळ घालवू नका.

ब्लेडजवळ हात नेण्याआधी प्लगची टोपी काढा. मशीन बंद आहे एवढ्यावर भागत नाही. ब्लेड हातानं फिरवलं की विडरचं इंजिन एखादा झटका देऊन सुरू होऊ शकतं, आणि बोटं परत मिळत नाहीत. ग्रासकटरच्या ब्लेडचा नट बहुधा उलट्या आट्याचा असतो. नेहमीच्या दिशेनं जोर लावलात तर तो अजून घट्ट बसेल. गरम इंजिनात पेट्रोल भरू नका, दहा-पंधरा मिनिटं थांबा. बंद खोलीत मशीन चालू करून बघू नका, धूर विषारी असतो. आणि विडी बाजूला.

हंगाम संपल्यावर काय करायचं ते आत्ताच सांगतो. टाकी रिकामी करा, मशीन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटरही रिकामा होतो. प्लग काढून आत चमचाभर ऑईल टाका, दोरी हळू दोन-तीनदा ओढून प्लग बसवा. सायलेन्सरच्या तोंडाला फडकं बांधून ठेवा, मात्र पुढच्या वर्षी सुरू करण्याआधी ते काढा.

या आठवड्यात एकदा मशीन बाहेर काढा आणि दहा मिनिटं चालवून बघा. सुरू झालं नाही तर प्लगच्या टोकाचा उजेडात काढलेला फोटो, मशीनचं मॉडेल आणि शेवटचं पेट्रोल कधी भरलं होतं ते याच नंबरवर पाठवा. फोटोवरून घरी होण्यासारखं असेल तर तसं कळवतो, नाहीतर मेकॅनिकला काय सांगायचं ते लिहून पाठवतो.