अल्पखर्ची चित्रपटांतील आभासी वाहने

अल्पखर्ची चित्रपटांतील आभासी वाहने म्हणजे रणगाडा, हेलिकॉप्टर, आगगाडी किंवा अंतराळयान यांसारखी न मिळणारी अथवा न परवडणारी वाहने प्रत्यक्ष न आणता दृश्य परिणामांच्या साहाय्याने पडद्यावर दाखवण्याची पद्धत होय.

गरज

अशा वाहनांसाठी भाड्याखेरीज चालक, विमा, परवानग्या व सुरक्षाव्यवस्था यांचाही खर्च येतो. त्यात काटकसर करणे जिवावर बेतू शकते. २० फेब्रुवारी २०१४ रोजी अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात 'मिडनाइट रायडर' या चित्रपटाचे पथक परवानगी नसताना एका रेल्वेपुलावर चित्रीकरण करत होते. तेव्हा आलेल्या मालगाडीमुळे झालेल्या अपघातात कॅमेरा सहायक सारा जोन्स यांचा मृत्यू झाला. आभासी आगगाडीसाठी वापरातील रुळांवर उभे राहावे लागत नाही.

कार्यपद्धती

प्रथम वाहनाविना दृश्य चित्रित केले जाते. चित्रातील ठळक बिंदू कसे सरकतात यावरून संगणक कॅमेऱ्याची हालचाल शोधतो. यास कॅमेरा ट्रॅकिंग म्हणतात. तशीच हालचाल करणाऱ्या आभासी कॅमेऱ्यासमोर वाहनाची त्रिमितीय प्रतिकृती ठेवून तिचे चित्र मूळ दृश्यात मिसळले जाते. ब्लेंडर ही संगणक प्रणाली २००२ पासून मुक्त स्रोत असून डिसेंबर २०११ मधील २.६१ या आवृत्तीत तिच्यात कॅमेरा ट्रॅकिंगची सोय आली. त्यामुळे ही सर्व कामे एकाच विनामूल्य प्रणालीत करणे शक्य झाले.

विश्वासार्हता

प्रतिकृतीतील बारकाव्यांपेक्षा वाहनाचे परिसराशी असलेले नाते अधिक महत्त्वाचे ठरते. सावलीची दिशा चुकल्यास किंवा चाकांखाली गडद छाया नसल्यास वाहन जमिनीवर तरंगल्यासारखे भासते. म्हणून हेलिकॉप्टरच्या दृश्यात मोठ्या पंख्याने धूळ व नटांचे केस उडवतात. नटांची नजर एकाच जागी राहावी यासाठी उंच काठीवर खूण बांधतात. वेगामुळे येणारा धूसरपणा, चित्रातील कणीदारपणा आणि वाहनाचा आवाज यांमुळेही आभास पूर्ण होतो.

उदाहरणे

'स्टार रेक : इन द पर्किनिंग' (२००५) हा फिनलंडमधील हौशी कलाकारांचा चित्रपट सुमारे सात वर्षांत तयार झाला. त्यातील अंतराळयाने संगणकनिर्मित आहेत. ब्रिटिश दिग्दर्शक गॅरेथ एडवर्ड्स यांनी 'मॉन्स्टर्स' (२०१०) या चित्रपटाचे छायाचित्रण केले आणि त्यातील लढाऊ विमानांसह दृश्य परिणामही स्वतःच्या संगणकावर तयार केले.

मर्यादा

नट वाहनाला स्पर्श करतो किंवा त्यात चढतो, तेव्हा केवळ प्रतिकृती अपुरी पडते. अशा वेळी दार, पायरी किंवा आसन एवढाच भाग प्रत्यक्ष बांधून उर्वरित वाहन संगणकावर जोडतात. दृश्य लांबल्यास दोष नजरेत येतात. म्हणून आभासी वाहन बहुधा काही सेकंदच दाखवले जाते आणि त्याचे अस्तित्व पुढे ध्वनी, प्रकाश व नटांच्या प्रतिक्रियांतून सूचित केले जाते.