दहावीच्या सुट्टीत मुलींना काय वाचायला द्यावं?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

दुपारची भांडी घासून झाली असतील, कुणी शिवणाच्या मशीनवर बसली असेल, कुणी शेतातून येऊन जरा टेकली असेल. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे असू द्या.

आज बोलायचं आहे पुस्तकांबद्दल. पण थोरामोठ्यांच्या, जाडजूड, पुरस्कार मिळालेल्या पुस्तकांबद्दल नाही. वाचताना हसू येईल, वाचून झाल्यावर बरं वाटेल अशा पुस्तकांबद्दल. आणि तीही आपल्या घरातल्या तेरा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींसाठी.

हा विषय सुचला तो माझ्या एका चुकीमुळे. माझी भाची दहावीची परीक्षा देऊन सुट्टीला माझ्याकडे आली. वर्षभर गाईड, प्रश्नसंच, सराव परीक्षा. चेहरा पार उतरलेला. मी मनात म्हटलं, आता हिला चांगलं काहीतरी वाचायला देऊ. कपाटातली एक मोठी, नावाजलेली कादंबरी काढून दिली. दुष्काळ, कर्ज, मृत्यू, सगळं त्यात होतं. पुस्तक उत्तमच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण आठ दिवसांनी पाहिलं, तर खूण सतराव्या पानावरच. मी जरा रागावले. म्हटलं, मोबाईल बघायला वेळ आहे आणि पुस्तकाला नाही? ती हळूच म्हणाली, "मावशी, मला वाटतंय मला आता वाचताच येत नाही."

त्या वाक्यानं मी गप्प झाले. पहिलीपासून धडाधड वाचणारी पोर. तिला वाचता येत होतं. वर्षभरात एवढंच झालं होतं, की वाचणं म्हणजे कुणीतरी आपली परीक्षा घेणं असं तिच्या मनात बसलं होतं. आणि मी तिला आणखी एक पेपर दिला होता, जरा जाड.

मग मी ते पुस्तक परत कपाटात ठेवलं आणि प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' तिच्या उशाशी नुसतं ठेवून दिलं. बोलले काहीच नाही. दुसऱ्या रात्री अकराच्या सुमाराला तिच्या खोलीतून खुदखुद ऐकू आली.

तर मैत्रिणींनो, हलकंफुलकं पुस्तक म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. आपल्याकडे 'हलकं' म्हटलं की कमी दर्जाचं असं वाटतं. पण पचायला हलकं अन्न आपण कुणाला देतो? आजारातून उठलेल्याला, प्रवासातून दमून आलेल्याला. मुगाच्या खिचडीला कुणी कमी दर्जाचं म्हणत नाही. पुस्तकाचंही तसंच आहे.

अशा पुस्तकात अडचणी नसतात असं नाही. अडचण नसेल तर गोष्टच होत नाही. फरक एवढाच, की अडचण माणसापेक्षा मोठी होत नाही. गोष्टीतलं मूल धडपडतं, चुकतं, फजिती होते, पण कुणीतरी त्याच्या बाजूचं असतं. एखादी आजी, एखादा मित्र, एखादे मास्तर. आणि शेवटी दार बंद झालेलं नसतं, किलकिलं तरी असतं. वाचणाऱ्या मुलीला वाटतं, हिचं जमलं, तर माझंही जमेल.

आता काही पुस्तकं सांगते. कागद-पेन्सिल असेल तर नावं लिहून घ्या.

अकरा ते तेरा वर्षांच्या मुलांपासून सुरुवात करू. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तुमच्यातल्या अनेकींना माहीत असेल. फुरसुंगीचा बनेश फेणे, किडकिडीत पोरगा, शिकायला पुण्यात आलेला आणि 'ट्टॉक्' असा आवाज काढणारा. कुठे काही रहस्य दिसलं की हा सायकलवरून हजर. या पुस्तकांची मालिकाच आहे, त्यामुळे एक आवडलं की पुढचं शोधायला मूल आपणहून ग्रंथालयात जातं. २०१७ साली यावर सिनेमाही आला. मूल आधी सिनेमा बघून मग पुस्तकाकडे आलं तरी बिघडत नाही.

दुसरा बोक्या सातबंडे. खरं नाव चिन्मयानंद, पण त्या नावानं हाक मारतो कोण! दिलीप प्रभावळकरांनी हा पोरगा आधी रेडिओसाठी लिहिला, मग तो पुस्तकांत आला. म्हणजे तो आपल्याच घरचा म्हणायचा. बोक्या दुसऱ्याच्या मदतीला धावतो आणि त्यातून नवे घोटाळे करून ठेवतो. मोठ्यानं वाचायला ही पुस्तकं फार छान, कारण ती मुळात ऐकण्यासाठीच लिहिलेली आहेत.

अलीकडची पुस्तकं हवी असतील तर दोन नावं घ्या. संगीता बर्वे यांची 'पियूची वही' आणि भारत सासणे यांची 'समशेर आणि भूतबंगला'. पहिलीला २०२२ चा आणि दुसरीला २०२४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला आहे. पियूची वही वाचून आपल्या मुलीनं एखादी जुनी अर्धी वही मागितली, तर जरूर द्या. आणि ती उघडून बघू नका, एवढं पथ्य पाळा.

आता चौदा-पंधरा वर्षांची मुलं. हे वय मोठं अवघड. बालविभागातली पुस्तकं 'लहान मुलांची' वाटतात आणि मोठ्यांच्या कपाटातलं सगळंच पेलत नाही. मराठीत या वयासाठी 'कुमारवाङ्मय' असा शब्द आहे, पण ग्रंथालयात त्याचं वेगळं कपाट क्वचितच दिसतं. म्हणून इथे आपल्यालाच थोडं शोधावं लागतं.

यांच्यासाठी माझी पहिली निवड म्हणजे मघाशी सांगितलेलं 'वनवास'. बेळगावकडच्या भागात आजी-आजोबांकडे राहणारा लंपन हा मुलगा यात स्वतः आपल्याशी बोलतो. त्याच्या बोलण्यात कानडी वळण आहे, 'मॅड' हा त्याचा लाडका शब्द आहे, आणि सुमी नावाची मैत्रीण आहे. आई-वडील लांब आहेत याची टोचणी मनात आहे, पण आजीचा पदरही आहे. प्रत्येक कथा वेगळी वाचता येते, त्यामुळे वाचनाची सवय तुटलेल्या मुलांना हे पुस्तक सोपं जातं. एका बैठकीत एक कथा संपते आणि 'मी पूर्ण केली' असं समाधान मिळतं. पुढे 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' ही आणखी तीन पुस्तकं आहेत. त्यांत लंपन मोठा होतो आणि दुःखाची सावलीही येते, म्हणून ती क्रमानेच वाचू द्या.

दुसरं, 'तोत्तोचान'. तेत्सुको कुरोयानागी या जपानी लेखिकेचं हे पुस्तक १९८१ मध्ये आलं. मराठीत ते चेतना सरदेशमुख गोसावी यांनी आणलं आणि नॅशनल बुक ट्रस्टनं काढलं, त्यामुळे किंमतही परवडणारी आहे. ही कादंबरी नव्हे, लेखिकेच्या स्वतःच्या लहानपणाची गोष्ट आहे, पण वाचली जाते कादंबरीसारखीच. एका शाळेतून काढून टाकलेली मुलगी दुसऱ्या शाळेत जाते, तर तिथले वर्ग आगगाडीच्या डब्यांत भरतात! आणि तिथले मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच दिवशी तिचं बोलणं तासन्‌तास ऐकून घेतात. 'तू वाईट नाहीस' हे ज्या मुलीला ऐकायची गरज आहे, तिच्या हातात हे पुस्तक द्या. शेवटी युद्ध येतं आणि शाळा जळते, पण वाचणाऱ्याच्या मनात उरतात ते कोबायाशी सर.

तिसरं, शांता शेळके यांचं 'चौघीजणी'. लुईसा मे अल्कॉट या अमेरिकन लेखिकेच्या १८६८ सालच्या कादंबरीचा हा अनुवाद. मेग, ज्यो, बेथ आणि एमी या चार बहिणी. वडील युद्धावर, घरात पैशांची ओढाताण. गोष्ट दीडशे वर्षांपूर्वीची, पण बहिणींची भांडणं मात्र कालच आपल्या घरात झाल्यासारखी वाटतात. यात रडूही येतं, हे आधीच सांगून ठेवते. बरं वाटायला लावणाऱ्या पुस्तकात रडू येऊच नये असं कुठे आहे? रडून मोकळं झाल्यावरही बरंच वाटतं.

सोळा-सतरा वर्षांच्या मुलांसाठी मिलिंद बोकील यांची 'शाळा'. २००४ मधली ही कादंबरी. आणीबाणीच्या काळातल्या नववीच्या वर्गाची गोष्ट मुकुंद जोशी सांगतो. त्याचे मित्र, मास्तरांची नक्कल, आणि वर्गातल्या शिरोडकरबद्दल वाटणारी ती ओढ. पोट धरून हसायला लावते आणि शेवटी हुरहूर लावून जाते. यात मुलांच्या तोंडची भाषा जशीच्या तशी आहे, थोडी रांगडी. म्हणून आधी तुम्ही स्वतः वाचा. मुलांपासून लपवायला नव्हे, मुलीनं काही विचारलं तर उत्तर देता यावं म्हणून. पंधराव्या वर्षी कुणीतरी आवडणं ही शरमेची गोष्ट नाही आणि आयुष्याचा शेवटही नाही, हे आपण तोंडानं सांगायला जातो तेव्हा शब्द सापडत नाहीत. पुस्तक ते काम आपल्यासाठी करतं.

आणि सगळ्या घरानं मिळून वाचायचं असेल तर प्रभावळकरांचीच 'अनुदिनी'. एकाच कुटुंबातली आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळी माणसं आपापली रोजनिशी लिहितात. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका यावरूनच झाली. एकच प्रसंग आजोबांना कसा दिसतो आणि नातीला कसा, हे वाचून घरातले वाद निम्मे तरी हसण्यावारी जातात.

पुस्तक निवडताना मी चार गोष्टी बघते. पहिली दहा पानं मी स्वतः वाचते. मलाच पुढे जावंसं वाटलं नाही, तर मुलीला कसं वाटेल? दुसरं, हसू कुणावर आहे ते बघते. जाड मुलगी, काळी मुलगी, तोतरा मुलगा, गरिबाचा पोर, यांच्यावर हसून करमणूक करणारं पुस्तक मी बाजूला ठेवते. तिसरं, अडचणीतल्या मुलाच्या बाजूनं उभं राहणारं कुणी गोष्टीत आहे का? चौथं, अक्षर डोळ्यांना सुखाचं आहे का? बारीक टाइपानं भले भले वाचक पळतात.

पुस्तक विकतच घ्यायला हवं असं नाही. तालुक्याच्या आणि मोठ्या गावांच्या सार्वजनिक ग्रंथालयांत वर्गणी फार नसते. ग्रंथपालांना पुस्तकाचं नाव लिहून द्या आणि पुढच्या खरेदीत घ्यायला सांगा. वाचक मागतात म्हटल्यावर ते विचार करतात. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं, त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. बचत गटातल्या दहा जणींनी एकेक पुस्तक घेतलं, तर महिन्याच्या बैठकीत अदलाबदल करून वर्षभराचं वाचन होतं.

आता द्यायचं कसं, तेही सांगते. 'यातून काय बोध घेतलास?' हा प्रश्न विचारायचा नाही. 'किती पानं झाली?' हाही नाही. पुस्तक दिसेल असं ठेवायचं आणि आपण आपल्या कामाला लागायचं. आवडलं नाही तर अर्धवट सोडायची मुभा द्यायची. विचारायचंच असेल तर एवढंच विचारा, 'त्यातलं कोण तुला आपलंसं वाटलं?' बघा, ती उत्तर देता देता स्वतःबद्दल बोलायला लागेल.

आणि एक गोष्ट मनाला लागेल, पण बोलते. सुट्टीत मुलगा क्रिकेट खेळायला गेला की आपण म्हणतो, 'वर्षभर अभ्यास केलाय, खेळू दे.' मुलगी पुस्तक घेऊन बसली की म्हणतो, 'रिकामी बसलीयेस तर कांदे चिर.' अभ्यासाचं पुस्तक असेल तर तिला उठवत नाही, पण हसतेय म्हटल्यावर उठवतो. म्हणजे तिच्या वाट्याचा आनंद आपल्याला रिकामपणा वाटतो. मीही हे केलेलं आहे. रोज अर्धा तास तिचा असू द्या. त्या अर्ध्या तासात तिला हाक मारायची नाही.

शेवटी एक सावधगिरी. हसरं पुस्तक थकलेल्या मनाला आराम देतं, पण ते औषध नव्हे. मूल कित्येक दिवस जेवत नसेल, झोपत नसेल, निकालाच्या भीतीनं 'मी नसलेलीच बरी' असं काही बोलत असेल, तर पुस्तक बाजूला ठेवा, तिच्याजवळ बसा आणि डॉक्टरांची मदत घ्या. सरकारच्या टेलिमानस या सेवेचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, रात्रंदिवस चालू असतो. लिहून ठेवा, भिंतीवर लावा.

माझ्या भाचीचं काय झालं ते राहिलंच. सुट्टीत तिनं लंपनची चारही पुस्तकं वाचली. निकाल लागला, टक्के तिला हवे होते त्यापेक्षा कमीच पडले. रडली, मग जेवली. जाताना पिशवीत 'चौघीजणी' टाकलं आणि मला म्हणाली, "मावशी, ते तुझं जाडं पुस्तक दिवाळीत वाचीन." मी म्हटलं, घाई नाही गं. ते कपाटात आहे, कुठे जात नाही.

तुमच्या घरात कोणतं पुस्तक हसवून गेलं, ते आम्हाला पत्रानं किंवा फोननं जरूर कळवा. पुढच्या वेळी तुमची नावंही वाचून दाखवू. तोवर नमस्कार.