नोकरीतल्या सिस्टरची पदवी

महाराष्ट्रातील रुग्णालयांत ज्यांना सर्वजण ‘सिस्टर’ म्हणून हाक मारतात, त्यांच्यापैकी अनेकींनी बारावीनंतर ‘जीएनएम’, म्हणजे सामान्य परिचर्या व प्रसूतिसेवा, या विषयाची पदविका घेऊन नोकरी धरलेली असते. आणि लग्न, मुले, नाइट ड्यूटी यांत दहा-पंधरा वर्षे सरल्यावर त्यांतील काही जणी पदवीसाठी पुन्हा महाविद्यालयात नाव घालतात. हातात नोकरी आहे, काम येते, मग आता या वयात पुस्तके कशाला, असा प्रश्न त्यांना बहुधा घरातूनच विचारला जातो, आणि तो अगदीच अनाठायी आहे असे म्हणता येत नाही, कारण अधिपरिचारिकेच्या, म्हणजे स्टाफ नर्सच्या, पदासाठी पदविका आजही चालते.

मात्र संसारात पडल्यावर परिचर्या शिकण्याची रीत मराठी मुलखाला नवी नाही. बाया कर्वे या महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाल्यानंतर सुईणपणाचे शिक्षण घेण्यासाठी नागपूरला गेल्या होत्या. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात १९०९ मध्ये सुरू झालेल्या सेवासदनाने विधवा आणि विवाहित स्त्रियांना शिक्षणाची वाट मोकळी करून दिली, आणि पुढे त्यांतील काहींना परिचारिकेच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठवले. परक्या माणसाच्या अंगाला हात लावणे, त्याचे मलमूत्र काढणे हे ज्या काळी पांढरपेशा घरांत हलके काम मानले जाई, त्या काळी हे घडले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यामागच्या धैर्याची कल्पना येते. शिकण्याचे वय उलटून गेले असे समाजाने ठरवलेल्या स्त्रियांनीच या व्यवसायाला येथे प्रतिष्ठा मिळवून दिली, आणि आज चाळिशीत पदवीच्या वर्गात बसणारी परिचारिका त्यांच्याच मार्गाने चाललेली असते.

पदवीचे शिक्षण भारतात आले ते १९४६ मध्ये, दिल्ली आणि वेल्लोर या दोन ठिकाणी. आज तिच्याकडे जाणारे मुख्य रस्ते दोन आहेत. पहिला चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगचा, त्याला बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात, आणि महाराष्ट्रात राज्य सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. कला शाखेतून बारावी झालेल्या स्त्रीला हा रस्ता सरळ मिळत नाही. तिच्यासाठी दुसरा रस्ता खुला राहतो, कारण पदविकेला विज्ञान शाखेची सक्ती नाही. ती पूर्ण करून परिचर्या परिषदेकडे नोंदणी झाली की दोन वर्षांच्या ‘पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग’ला, म्हणजे पदविकेनंतरच्या पदवीला, प्रवेश घेता येतो. परिचारिका आपापसांत त्याला नुसते ‘पोस्ट बेसिक’ म्हणतात.

या दोन वर्षांत नेमके काय शिकायचे उरलेले असते, हा खरा मुद्दा आहे. इंजेक्शन देणे, जखम बांधणे, बाळंतीण सांभाळणे हे हातचे काम या विद्यार्थिनींना शिक्षकांइतकेच येत असते. सलाइनचेच उदाहरण घ्यावे. पाचशे मिलिलिटर द्रव चार तासांत जायचा असेल आणि वापरलेल्या संचातून एका मिलिलिटरला वीस थेंब पडत असतील, तर एकूण दहा हजार थेंबांना २४० मिनिटांनी भागून मिनिटाला सुमारे ४२ थेंब हा वेग येतो. अनुभवी सिस्टर घड्याळाकडे एकदा पाहून चक्री फिरवते आणि वेग जवळपास बरोबर लागतो. परंतु रुग्णाचे हृदय दुबळे असेल तर तोच वेग फुफ्फुसांत पाणी साचवू शकतो, तो का आणि कसा, आणि त्याची पहिली खूण कोणती, हे समजून घेण्यासाठी शरीरक्रियेचे ज्ञान लागते.

त्याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे परिचर्या-निदान. डॉक्टर रोगाचे निदान करतात, तर परिचारिका त्या रोगामुळे रुग्णाच्या जगण्यात आलेली अडचण नेमकी काय आहे ते ठरवते. डॉक्टरांच्या कागदावर ‘न्यूमोनिया’ असते. परिचारिकेच्या कागदावर ‘कफ बाहेर टाकता न येणे’ असे लिहिले जाते, आणि त्यावरून रुग्णाला कोणत्या स्थितीत बसवायचे, पाणी किती पाजायचे, खोकायला कसे शिकवायचे याची योजना तयार होते, ती अमलात येते आणि तिचा उपयोग झाला की नाही हे पुन्हा तपासले जाते. पदविकेतही ही पद्धत शिकवली जाते, पण विशीतल्या मुलीला ती फाइल पुरी करण्यापुरती वाटते; शेकडो रुग्ण हाताळून आलेल्या स्त्रीला मात्र आपण आजवर सवयीने करत आलो त्याला कारणे होती आणि काही बाबतींत ती कारणे आपण तपासायला हवी होती, हे तिच्यातून उमगते. प्रौढ वयातल्या शिक्षणाचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे, आणि वेतनश्रेणीच्या हिशेबात तो कधीच दिसत नाही.

पोस्ट बेसिकच्या पहिल्या वर्षी सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायन, आहारशास्त्र यांसारखे विषय येतात, तर दुसऱ्या वर्षी सामुदायिक आरोग्य आणि मानसिक आरोग्य यांच्या जोडीला अध्यापन, प्रशासन, संशोधन व संख्याशास्त्र यांची ओळख होते. कला शाखेतून आलेल्यांना जीवरसायन जड जाते, आणि सगळा अभ्यास इंग्रजीत असल्याने ज्या सिस्टर मराठीतून रुग्णाच्या नातेवाइकांना मधुमेह उत्तम समजावून सांगतात, त्या उत्तरपत्रिकेत अडखळतात. त्यांची बुद्धी कमी पडते असा निष्कर्ष यावरून काढणे अन्यायाचे आहे.

उपस्थितीचे नियमही कडक आहेत. तासांना किमान ८० टक्के हजेरी लागते आणि वॉर्डातील प्रात्यक्षिकाचे तास तर पदवीपूर्वी शंभर टक्के भरून द्यावे लागतात, म्हणजे मुलाच्या तापामुळे बुडालेला दिवससुद्धा नंतर उभे राहून पुरा करावा लागतो. रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी ही अट हवीच. पण मग ती पाळता यावी अशी सोय करणे ही संस्थांची आणि नोकरी देणाऱ्यांची जबाबदारी ठरते. सरकारी सेवेत अध्ययन रजेची तरतूद आहे, तरी वॉर्डात माणसे कमी असताना ती मंजूर होणे अवघड असते. खासगी रुग्णालयांत बहुतेकींना राजीनामाच द्यावा लागतो आणि दोन वर्षे घरात पगार येत नाही. या शिक्षणातली खरी अडचण येथे आहे, आणि पाळणाघर, वसतिगृह व पगारी रजा या तीन गोष्टींनी ती पुष्कळशी हलकी होऊ शकते.

पदवी हाती आल्यावर परिचर्या परिषदेकडे अतिरिक्त पात्रतेची नोंद करून घ्यावी लागते. त्यानंतर परिचर्या विद्यालयात शिकवण्याची वाट उघडते, त्याचप्रमाणे एम.एस्सी. नर्सिंगला किंवा अतिदक्षता विभागातील ‘नर्स प्रॅक्टिशनर’ या दोन वर्षांच्या निवासी अभ्यासक्रमाला अर्ज करता येतो.