पुण्याहून आलेलं दुखणं

१९९८मध्ये अकोल्यातून वेगळा झालेला वाशिम हा सोयाबीन-तुरीचा जिल्हा. मोठे कारखाने इथे नाहीत, म्हणून रिसोड-मालेगावकडची पोरं पुणे-चाकणची वाट धरतात. तिथे यंत्राच्या सुट्या भागांवरचं ग्रीस काढायला काही ठिकाणी ट्रायक्लोरोइथिलीन वापरलं जातं. गोडसर वासाचं हे द्रावण झटकन उडतं आणि श्वासावाटे, कातडीतून शरीरात शिरतं.

पुढचा खेळ मूत्रपिंडात होतो. यकृत त्याचा निचरा करायला जातं खरं, पण तयार झालेल्या पदार्थाचं मूत्रपिंडात पोचल्यावर विषारी तुकड्यांत रूपांतर होतं आणि ते तिथल्या पेशींच्या जनुकांना इजा करतात. २०१२मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने हे रसायन पहिल्या गटात टाकलं: मूत्रपिंडाच्या कर्करोगाचं सिद्ध कारण.

धूम्रपान, लठ्ठपणा, रक्तदाब ही कारणं अधिक नेहमीची, हेही खरंच.

पण कारखाना सोडल्यावर अनेक वर्षांनी, गावी परतलेल्या माणसाच्या लघवीत रक्त दिसतं. डॉक्टर बिडी-तंबाखूचं विचारतात. ‘पूर्वी काम कुठलं करत होता?’ हे क्वचितच. कायद्यानुसार ट्रायक्लोरोइथिलीनच्या वर्गातल्या रसायनांची विषबाधा नोंदणीयोग्य आहे. नोंद व्हायला आधी प्रश्न तर विचारला पाहिजे!