मोटारीचे वंगण : वेळीच तपासा, इंजिन वाचवा

लांबच्या प्रवासास निघण्यापूर्वी टाकीतील इंधन व चाकांतील हवा पाहण्याची दक्षता बहुतेक वाहनधारक घेतात. इंजिनातील वंगणतेलाकडे मात्र पुष्कळदा दुर्लक्ष होते. इंधन संपले तर गाडी नुसती थांबते. तेल संपले तर इंजिनच निकामी होण्याचा संभव असतो.

तेलाचे कार्य

चालत्या इंजिनात क्रँकशाफ्ट मिनिटाला हजारो फेरे घेतो. धातूचे भाग एकमेकांवर थेट घासू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर असावा लागतो. हेच तेल उष्णता वाहून नेते व काजळी स्वतःत सामावून घेते. निकोप इंजिनातही थोडे तेल जळतेच. सबब, एकदा तेल भरले की पुढील सर्व्हिसिंगपर्यंत पाहावयास नको, हा समज चुकीचा होय.

काही जण तेलाच्या लाल दिव्यावर विसंबून राहतात. तथापि, हा दिवा तेलाची पातळी नव्हे, तर दाब घसरल्याचे दाखवितो. तो पेटेपर्यंत इंजिनाची हानी सुरू झालेली असू शकते. तो पेटताच गाडी सुरक्षित जागी थांबवून इंजिन बंद करावे.

तपासणीची रीत

गाडी सपाट जागेवर उभी करावी. उतारावर तेल एका बाजूस सरकून माप चुकते. इंजिन नुकतेच बंद केले असल्यास पाच ते दहा मिनिटे थांबावे, म्हणजे वर गेलेले तेल तळाशी उतरते. सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी तपासल्यास हा वेळही वाचतो. उत्पादकाच्या पुस्तिकेत निराळी सूचना असल्यास तीच प्रमाण मानावी.

बॉनेट उघडून डिपस्टिक ही मोजपट्टी बाहेर काढावी, स्वच्छ फडक्याने पुसावी, पूर्ण आत बसवावी व पुन्हा काढून पाहावी. पहिल्या खेपेस पट्टीवर तेल उडालेले असते, म्हणून दुसरे मापच खरे. तेल किमान व कमाल या दोन खुणांच्या दरम्यान असावे. बऱ्याच मोटारींत या खुणांमधील फरक सुमारे एक लिटर तेलाइतका असतो. पातळी खाली आढळल्यास पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचे तेल थोडे थोडे ओतून पुन्हा मोजावे. कमाल खुणेच्या वर भरू नये. जादा तेल क्रँकशाफ्टने घुसळले जाऊन फेसाळते आणि वंगणाचे काम नीट करीत नाही.

रंगावरून बोध

तेल काळे दिसले म्हणजे खराबच झाले, असे नव्हे. डिझेल इंजिनात नवे तेलही लवकर काळे पडते. ते दुधाळ दिसल्यास मात्र पाणी मिसळल्याची शंका घ्यावी. वारंवार भर घालावी लागत असल्यास कुशल कारागिराकडून तपासणी करून घ्यावी.

पंधरवड्यातून एकदा आणि प्रत्येक लांबच्या प्रवासापूर्वी ही तपासणी करण्याची सवय लावून घ्यावी. तीस एक फडके व काही मिनिटे पुरतात. दुर्लक्ष केल्यास मात्र संपूर्ण इंजिनाच्या दुरुस्तीचा भुर्दंड सोसावा लागतो.